जिटर बफर : वेळेच्या हिशेबाचे शास्त्र

इंटरनेटवरून फोनवर बोलताना आवाज सलग ऐकू येतो, पण तो येतो तुकड्यातुकड्यांनी. साधारणपणे 20 मिलिसेकंदांच्या बोलण्याचे एक पॅकेट होते. सेकंदाला अशी 50. निघतात ती समान अंतराने. वाटेतल्या राउटरच्या रांगा आणि वाय-फायची गर्दी हे अंतर मोडून टाकतात. या विस्कळीतपणाला जिटर म्हणतात. आलेली पॅकेट किंचित थोपवून, क्रमाने लावून, पुन्हा ठरल्या गतीने ऐकवण्याचे काम जिटर बफर करतो. तो नीट चालला की कोणाच्या लक्षातही येत नाही.

हा विषय जुना आणि समृद्ध आहे. 1974 मध्ये डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटच्या पूर्वज अर्पानेटवरून बोलणे पाठवले, तेव्हापासून तो अभ्यासकांपुढे आहे. आवाज-चित्र पाठवण्यासाठीच्या 1996 च्या आरटीपी मानकाने प्रत्येक पॅकेटवर क्रमांक आणि वेळेची नोंद आणली. 2011 मध्ये ब्राउझरमधून थेट बोलणे शक्य करणाऱ्या वेबआरटीसीबरोबर नेटइक्यू हा बफर सर्वांसाठी खुला झाला. गरज पडेल तसा तो बोलणेच किंचित ताणतो किंवा आखडतो, तेही स्वराची पट्टी न बदलता. इतके नाजूक काम करणारा कोड कोणालाही उघडून वाचता येतो, ही या क्षेत्राची खरी श्रीमंती.

नवख्या वाचकांनी सुरुवात वेळेच्या हिशेबापासून करावी. जी.114 या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार तोंडापासून कानापर्यंत 150 मिलिसेकंदांच्या आत आवाज पोचला, तर संभाषण सहसा सहज चालते. पॅकेट भरण्यात 20 आणि वाटेत 80 गेले, तर बफरला उरतात जेमतेम 50. तुम्ही तो 200 वर नेलात तर आवाज स्वच्छ येईल, पण दोघेही एकमेकांचे बोलणे तोडू लागतील. फार लहान ठेवलात तर उशिरा आलेली पॅकेट टाकून द्यावी लागतील, आणि ऐकणाऱ्याला उशिरा आलेले पॅकेट हरवल्यासारखेच.

बफर शक्यतो शेवटच्या टोकाला, जिथे पॅकेटचा आवाज होतो तिथेच ठेवावा. मधल्या प्रत्येक टप्प्यावर ठेवला तर उशीर साचत जातो. कॉलच्या गुणवत्तेच्या अहवालात दिसणाऱ्या जिटरच्या एकट्या आकड्यावरही विसंबू नये. तो सरासरीने गुळगुळीत केलेला असतो, अचानक उसळलेला उशीर त्यात बुजून जातो. तुमच्या जाळ्यावर ऐन गर्दीच्या वेळी किती पॅकेट उशिरामुळे टाकली जातात ते आधी मोजा; बफरला हात त्यानंतर लावा.