बंबाचा खर्च कुणाचा?

अष्टमी आणि रोहा यांच्यामधून कुंडलिका वाहते, पण नगरपरिषद एकच. शेजारी धाटावला रासायनिक कारखाने. मग बंबाचा खर्च कुणी करायचा?

लंडनमध्ये १६६६च्या आगीनंतर विमा कंपन्यांनीच बंब ठेवले. १८३३ साली दहा कंपन्यांनी मिळून एक पथक केलं. १८६१मध्ये टूली स्ट्रीटची गोदामं जळाली, तेव्हा हा भार आम्हाला पेलणार नाही, असं कंपन्यांनी सरकारला सांगून टाकलं. १८६५च्या कायद्याने पथक सार्वजनिक झालं; कंपन्यांची वर्गणी मात्र चालू राहिली.

आपल्याकडे ७४व्या घटनादुरुस्तीने अग्निशमन नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आलं. पण छोट्या गावाच्या घरपट्टीतून चोवीस तास माणसं ठेवणं कठीण. म्हणून आम्ही म्हणतो, ज्याचा धोका मोठा त्याने वाटा जास्त उचलावा. बंब मात्र सगळ्यांचा असावा. ठिणगी काही पावती बघून पडत नाही.