नाटकाला दिलेली पातळं

मराठी नाटकाचा इतिहास वाचायला घेतला की पहिलं पान सांगलीचं निघतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं. सीतेचं काम पुरुषानंच केलं, कारण तेव्हा तसाच रिवाज होता. पण सीतेचं लुगडं कुठून आलं, ते कुणी नेसवलं, अंगावरचे दागिने कुणाच्या घरचे होते, हे त्या पानावर काही सापडत नाही. मला मात्र नेमकं तेच जाणून घ्यायचं असतं.

माझं माहेर पांढुर्ण्याचं आणि सासर सौंसरचं. १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची नवी रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरातली भाषा मराठी, कचेरीतली हिंदी. त्यामुळे झालं असं, की मराठी नाटकाचा इतिहास लिहिणारे विदर्भाच्या हद्दीवर थांबले आणि भोपाळ-उज्जैनकडून लिहिणारे आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत. तिकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचं बघा. वडसा हे तिथल्या नाटकांचं मोठं केंद्र. दिवाळीनंतर रात्र रात्र चालणाऱ्या त्या नाटकांचं आता सगळीकडे नाव झालंय. तिथल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्रीही मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा झाला. आता जिल्ह्याचा इतिहास लिहिला जाईल. गोटमार त्यात येईल, संत्री येतील. आपल्या बायका येतील का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्या भागात जुनी ती खडी गंमत आणि दंडार. खडी गंमतीत शाहीर आणि त्याचे सोबती उभ्यानंच गातात, नाच्या पोरगा साडी नेसून बाई होतो. तिला ना पडदा, ना विंग. कुणाच्या तरी ओसरीवर आरसा टेकवला की झाला रंगपट. पुढे गणपतीत मंडळांची नाटकं आली. त्यांना पडदा आला, गॅसबत्ती आली, विंगेत पुस्तक धरून बसणारा प्रॉम्प्टर आला. ड्रेपरी भाड्यानं आणायची तर पैसे लागत. राजाचा अंगरखा कसाबसा भाड्यानं यायचा, पण राणीचं पातळ गावातच मागितलं जायचं.

मागायला पोरं दुपारी यायची, घरातले पुरुष दुकानावर असताना. "काकू, ते तुमचं जांभळं पातळ द्या नं, उद्या सकाळी आणून देतो." आई म्हणायची, "आणशील त खरं, पण रंग लागलेल्या हातानं घडी नोको करू." पातळाच्या काठाला आतून रंगीत दोऱ्याचा एक टाका घातलेला असे, म्हणजे परत येताना अदलाबदल व्हायला नको. सफेद्याचे डाग रिठ्याच्या पाण्यानं काढायचे, हे आमच्या आळीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. नऊवारी नेसणं पोरांना कुठलं जमणार? मग ज्याची बाईची भूमिका, त्याची आई नाही तर वहिनी मागच्या दारानं रंगपटात जायची, काष्टा घालून द्यायची आणि पुढं जाऊन बायकांच्या बाजूला पोतं टाकून बसायची. आपल्याच पातळातल्या राणीचं दुःख बघून डोळे पुसणारी बाई मी पाहिलीय. नथही तिचीच होती. नाटकाच्या हँडबिलावर लेखक, दिग्दर्शक, पेटीवाला, तबलेवाला सगळ्यांची नावं छापली जात. पातळवालीचं नाही.

मोठ्या रंगभूमीवरही चित्र फारसं वेगळं नव्हतं. बालगंधर्वांच्या नेसण्याची, केसांतल्या फुलांची नक्कल त्या काळच्या बायका करत, हे आपण कौतुकानं सांगतो. १२ मार्च १९११ ला किर्लोस्कर मंडळींच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. तरी ते भामिनी होऊन उभे राहिले. कलेवरच्या निष्ठेची ही गोष्ट शंभर वेळा सांगितली जाते, आणि ती खरीही आहे. पण त्या संध्याकाळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कुठे होत्या, त्यांच्याजवळ कोण बसलं होतं, असं विचारणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. पडद्यामागचा भाग म्हणजे फक्त दोऱ्या आणि दिवे नव्हेत, नटाचं घरही त्यातच येतं.

१९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रियांच्या भूमिका केल्या. नाटकातल्या बायका बायकांनी करायच्या, ही रीत शहरांत हळूहळू बसली. लहान गावांत मात्र घरची मुलगी स्टेजवर पाठवायला कुणी तयार नसे. मग नागपूरहून नटी बोलवायची. ती उतरायची कुणाच्या तरी घरी. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, एकदा आलेली नटी तान्हं मूल घेऊन आली होती. आळीतल्या बायका तिला खिडकीतून बघून गेल्या, पण तिच्या पंगतीला कुणी बसेना. आजेसासूबाईंना दिवस मावळल्यावर अन्नपाणी वर्ज्य. त्यांनी तिला उजेड असतानाच जेवू घातलं आणि रात्री तिच्या मुलासाठी विंगेमागे लुगड्याचा झोका बांधला. तिसऱ्या घंटेपासून पहाटेपर्यंत झोका हलवत त्या तिथंच बसल्या. नाटक त्यांनी पाहिलंच नाही. "ऐकलं नं सगळं," म्हणायच्या, "रडणं तिचं होतं, पोरगं माह्याजवळ होतं." दुसऱ्या दिवशी घरात थोडी कुरबूर झाली म्हणे. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

आपल्या समाजातल्या बायकांना आठवेल, गणपती आणि आपलं दशलक्षण पर्व एकाच वेळी येतं. भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी. म्हणजे चौकात मंडळाचं नाटक आणि मंदिराच्या सभागृहात आरतीनंतर महिला मंडळाची नाटिका. चंदनबाला, राजुल, मैनासुंदरी हे ठरलेले विषय. इथं मात्र सगळी उलटापालट. चौकात पुरुष आमची पातळं नेसून राणी व्हायचे, आणि सभागृहात आम्ही त्यांचे फेटे मागून आणून श्रीपाल राजा व्हायचो. काजळाची मिशी काढायची, घाम आला की ती ओठावर उतरायची. दिवसभराचा उपवास असलेली एखादी सासू गुडघ्यावर बसून सुनेच्या धोतराच्या निऱ्या घालायची. एरवी त्या दोघी तासभर तरी अशा शेजारी बसायच्या का?

पंचकल्याणकात शचीचा प्रसंग येतो, तेव्हा मला या सगळ्याजणी आठवतात. इंद्र बाहेर थांबलेला असतो. प्रसूतिगृहात जाण्याचा मान इंद्राणीचा. ती आत जाते, मातेजवळ मायावी बालक ठेवते आणि तीर्थंकर बालकाला बाहेर आणते. इंद्र मग हजार डोळे करून पाहतो, पण पहिलं दर्शन शचीला झालेलं असतं. आतल्या खोलीचा मान आपल्या शास्त्रानं असा जपून ठेवलाय. गावच्या इतिहासानं तो ठेवला नाही, तर तो आपणच लिहायला हवा.

काम अवघड नाही. घरात सत्तरी ओलांडलेली आजी, काकू, आत्या असेल, तर तिच्या पेटीपाशी बसा. कोणतं पातळ नाटकाला गेलं होतं, नाटक कोणतं, साल कोणतं, राणी कोण झालं होतं, हे विचारा आणि वहीत तिच्या नावासकट उतरवा. पेटीत पातळ असेल तर काठ उलटून पाहा. रंगीत दोऱ्याचा टाका अजून तसाच असेल.