वैनगंगेचा वेताळ

परवा दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या ट्रंकेत दोन इंद्रजाल कॉमिक्स सापडली. एकाचं कव्हर उंदरांनी खाल्लंय, दुसरं शाबूत. झालं, आवराआवर तिथेच थांबली!

आमच्या पिढीला वेताळ म्हणजे काय होता, हे 'शक्तिमान' बघून वाढलेल्या भाच्यांना कसं सांगू? मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी इंद्रजाल सुरू केलं, १९९० मध्ये ते बंद पडलं. मराठी अंक मिळाला नाही तर हिंदी घ्यायचा, गोंदियात कुणाला फरक पडतो? वेताळाला उडताबिडता येत नव्हतं. बाप गेला की मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेणार, तोच मुखवटा चढवणार आणि जगाला वाटणार, हा चारशे वर्षं मेलेलाच नाही! फँटमचा 'वेताळ' करणाऱ्याला माझा दंडवत. आजीच्या गोष्टींतला वेताळ आम्हाला आधीच ठाऊक होता ना.

त्याचं जंगल म्हणजे माझ्या डोक्यात नागझिरा. कवटीची गुहा तिथेच कुठेतरी...

खेळात मी नेहमी वेताळ. त्याचा सोबती गुरन व्हायचा वर्गातला एक गोंड मुलगा. रंगावरून ठरलेलं, त्याला कुणी विचारलंही नाही. खरं तर झाडावर चढणं, माग काढणं त्यालाच यायचं. एकदा म्हणाला, "मी कधी वेताळ?" आम्ही हसलो. पुढच्या सुट्टीत तो खेळायला आला नाही.

मोठेपणी ली फॉकबद्दल वाचलं. १७ फेब्रुवारी १९३६ ला त्याने वेताळाला जन्म दिला. कल्पना टारझनवरून आणि किपलिंगच्या मोगलीवरून सुचल्याचं तो स्वतःच सांगायचा. गुरनच्या टोळीचं नावसुद्धा किपलिंगच्या 'बंदरलोगां'वरून घेतलेलं. सुरुवातीच्या कथांत वाघही होते. जंगल आफ्रिकेत गेलं ते पुढे.

आता गंमत बघा. मोगलीचं जंगल कुठलं? सिवनीचं! १८९४ च्या त्या पुस्तकात वैनगंगा वाहते. तीच सिवनीत उगम पावून बालाघाटवरून आपल्याकडे येते. म्हणजे मी नागझिऱ्यात गुहा शोधायचो, ते अगदीच चूक नव्हतं.

पण सिवनी-मंडल्याच्या त्या पट्ट्यात शतकानुशतकं गोंड राजांचं राज्य होतं. तिथला राजा गुरनच होता की! जंगल अमेरिकेला जाऊन, इंद्रजालमधून गोंदियाला परत आलं, तेव्हा राजा गोरा झालेला आणि गुरन त्याचा चाकर. आणि आम्ही शाळेमागच्या मैदानावर तेच खेळत होतो.

फॉक १३ मार्च १९९९ ला गेला, शेवटपर्यंत लिहीत होता. त्यानंतर दीड महिन्याने, १ मे ला, आमचा गोंदिया जिल्हा झाला. (कशाचा कशाशी संबंध नाही, पण लक्षात राहिलंय.)

शाबूत अंक बाजूला काढून ठेवलाय. तो हल्ली देवरीकडे असतो म्हणे. दिवाळीनंतर नेऊन देईन म्हणतो. घेईल का, ठाऊक नाही.