‘प्रेस’: स्पेलिंग एक, मुळं दोन

नाशिकमध्ये कुणी म्हणालं, ‘आमचे वडील प्रेसमध्ये होते’, तर ते पत्रकार असतील असं पटकन कुणाच्या मनात येत नाही. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसची सुरुवात १९२५ची, करन्सी नोट प्रेसची १९२८ची. म्हणजे प्रेस म्हटलं की आपल्याकडे तिकिटं आणि नोटा. पण याच शहरात कपड्यांना प्रेस करतात, पत्रकाराच्या गाडीवर ‘प्रेस’ लिहिलेलं असतं आणि वायनरीत द्राक्षं प्रेस करतात.

हे सगळे अर्थ एकाच घरातले. लॅटिनमध्ये ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे. तिथून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. द्राक्षांचा रस काढायला युरोपात स्क्रूचं दाबयंत्र होतं. १४५०च्या सुमारास गुटेनबर्गने तसंच यंत्र अक्षरं छापायला वापरलं. मग यंत्राचं नाव छापखान्याला, छापखान्याचं वृत्तपत्रांना आणि तिथून पत्रकारांना मिळालं. १८७८च्या व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्टमधला ‘प्रेस’ म्हणजे देशी भाषांतली वृत्तपत्रं. फिजिक्समधलं ‘प्रेशर’ही याच कुळातलं.

आता ‘प्रेस गँग’ घ्या. अठराव्या शतकात ब्रिटिश नौदलासाठी माणसं जबरदस्तीने पकडून नेणाऱ्या या टोळ्या. इथेही ‘दाबणे’च असणार असं वाटतं ना? पण नाही. हा शब्द मूळचा ‘प्रेस्ट’, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम. त्याचं लॅटिन मूळही वेगळं, ‘प्रेस्तारे’. भरतीच्या वेळी हे पैसे घेतले की माणूस बांधला गेला. आपल्याकडे ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतो त्या उचलीसारखंच. पुढे ‘प्रेस्ट’ आणि ‘प्रेस’ उच्चारात मिसळले आणि सक्तीचा अर्थ वरचढ ठरला.

याचा रिसर्चशी काय संबंध? ब्रिटिशकालीन इंग्रजी कागदपत्रांत गाड्या आणि हमाल ‘प्रेस’ केल्याचे उल्लेख येतात. ‘इम्प्रेसमेंट’ हा शब्दही भेटतो. त्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे : वेठ. तिथे तुम्ही नोंदवहीत ‘दबाव टाकला’ असं लिहिलंत, तर साहेबाचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या मुक्कामापर्यंत चालणारा माणूस तुमच्या प्रबंधातून गायबच होतो.

उलट चूकही होऊ शकते. मूळ ‘उचल’ आहे म्हणून या हमालांना आगाऊ पैसे मिळालेच असतील, असं धरता येत नाही. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे घटनेचा पुरावा नव्हे. पैसे दिले का, किती दिले, हे त्याच कागदात किंवा हिशेबाच्या वहीत शोधावं लागतं.

म्हणून डिजिटल आर्काइव्हमध्ये एखादा शब्द सर्च केलात की आलेला आकडा लगेच एक्सेलमध्ये टाकू नका. प्रत्येक ठिकाणी आधी आजूबाजूची चार वाक्यं वाचा. कागद कुणी लिहिला, कधी आणि कुणासाठी, ते बघा. मग त्या काळचा शब्दकोश उघडा. स्पेलिंग सारखं असलं तरी शब्द दोन असू शकतात, आणि हे सर्च बॉक्स तुम्हाला सांगत नाही.