दगडाचे पाणी: मेण लावावे की नाही?

१/ न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील ग्रॅनाइटचा ओबेलिस्क मूळचा इजिप्तचा. इ.स.पू. १५व्या शतकात तिसऱ्या थुटमोसने तो हेलिओपोलिस येथे उभारला. १८८१ मध्ये तो न्यूयॉर्कला उभा राहिला.

२/ तीन हजारांहून अधिक वर्षे टिकलेल्या या दगडाच्या खपल्या तेथे अवघ्या काही वर्षांत सुटू लागल्या. तेव्हा १८८५ मध्ये दगड तापवून त्यात पॅराफिन मेण मुरवण्यात आले. तत्पूर्वी सैल भाग काढताना शेकडो पौंड दगड गेला. त्यासोबत चित्रलिपीचा काही अंशही.

३/ दोष केवळ थंडीचा नव्हता. हेलिओपोलिसला कोसळून शतकानुशतके जमिनीवर पडलेल्या या स्तंभात क्षार मुरले होते, असे अभ्यासक मानतात. दमट हवेत तेच क्षार दगड आतून फोडू लागले. मेण बाहेरचे पाणी अडवते; आतला क्षार काढत नाही.

४/ हाच विवेक स्वयंपाकघरातील ओट्यालाही लागू पडतो. त्यावर पाण्याचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. दगड गडद झाला, तर तो पाणी शोषतो. तो स्वच्छ करून, पूर्ण वाळवून मगच सीलर लावावा. रंग बदलला नाही, तर लेपाची घाई नको. लेपाआधी दगडाची परीक्षा हवी.