कुर्तुब्याचे काझी, पॅरिसचे भाष्यकार

एखादी गोष्ट फारच नामी असली की मराठीत आपण तिला ‘अफलातून’ म्हणतो. हे प्लेटोचे अरबी नाव आहे, हे बोलताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. उर्दू माध्यमातल्या मुलांना अरस्तू, सुकरात, जालिनूस ही नावे घरची वाटतात. पुढे महाविद्यालयात तीच माणसे ॲरिस्टॉटल, सॉक्रेटिस, गॅलेन होऊन भेटतात आणि ओळख पटत नाही. इब्न रुश्द यांचे तर लॅटिनने ‘अवेरोस’ केले. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची सोपी ओळख करून देणारी कित्येक पुस्तके ग्रीकांवरून जी उडी घेतात ती थेट सतराव्या शतकात, देकार्तजवळ उतरतात. मधली जवळजवळ दोन हजार वर्षे एखाद्या परिच्छेदात आटोपतात. पण ॲरिस्टॉटलची पॅरिसला जाणारी एक मोठी वाट कुर्तुब्यावरून, म्हणजे स्पेनमधल्या कॉर्डोबावरून जाते.

इब्न रुश्द तिथलेच. जन्म ११२६ चा. आजोबा काझी, वडील काझी, पुढे स्वतःही काझी. फिक्हवरचा त्यांचा ‘बिदायतुल मुज्तहिद’ आजही अभ्यासला जातो. इतिहासकार मराकुशी यांनी एक प्रसंग नोंदवला आहे. ‘हय्य इब्न यक्झान’चे कर्ते इब्न तुफैल यांनी त्यांना खलिफा अबू याकूब युसूफ यांच्या दरबारात नेले. खलिफांनी विचारले, आकाश अनादी आहे की निर्माण झालेले, याबद्दल तत्त्वज्ञांचे मत काय? इब्न रुश्द घाबरले. तत्त्वज्ञानाशी आपला काही संबंधच नाही, असे सांगू लागले. तेव्हा खलिफा स्वतःच इब्न तुफैल यांच्याशी प्लेटो-ॲरिस्टॉटलची मते बोलू लागले आणि मग काझीसाहेबांची जीभ सैल झाली. ॲरिस्टॉटल समजायला अवघड जातो, त्यावर कुणीतरी भाष्य करावे, ही इच्छाही खलिफांचीच.

इब्न रुश्द यांना ग्रीक येत नव्हते. जुन्या अरबी अनुवादांवर त्यांनी आयुष्यभर काम केले आणि लहान, मध्यम, विस्तृत अशी तीन प्रकारची भाष्ये लिहिली. इमाम गझाली यांनी ‘तहाफुतुल फलासिफा’त तत्त्वज्ञांची वीस मते खोडली होती, त्याला ‘तहाफुतुत तहाफुत’ लिहून मुद्देसूद उत्तर दिले. गझालींचे म्हणणे उतरवून घ्यायचे आणि मग त्यावर बोलायचे, अशी त्या ग्रंथाची रीत आहे. वाद असा घालावा.

तेराव्या शतकात मायकेल स्कॉट आणि इतरांच्या अनुवादांतून ही भाष्ये लॅटिनमध्ये गेली. पॅरिसच्या विद्यापीठात नुसते ‘भाष्यकार’ म्हटले की इब्न रुश्द समजले जात. आणि तिथे एका प्रश्नावरून मोठे वादळ उठले. वर्गात चाळीस मुले पायथागोरसचा सिद्धांत समजून घेतात. तर समज चाळीस आहेत की एक? चित्रे, आठवणी, कल्पना ज्याच्या त्याच्या, देहाबरोबर संपणाऱ्या. पण सिद्धांत ज्या बुद्धीत उमटतो ती सर्व माणसांची मिळून एकच, असे इब्न रुश्द यांचे उत्तर होते. थॉमस ॲक्वायनस यांनी १२७० मध्ये याविरुद्ध स्वतंत्र पुस्तक लिहिले. बुद्धी एकच असेल तर ‘हा माणूस विचार करतो’ असे म्हणायचे कशाच्या बळावर? आणि मरणोत्तर जाब कुणाला विचारायचा? मला स्वतःला ॲक्वायनसांचा आक्षेप बिनतोड वाटतो. पण ॲरिस्टॉटल वाचताना तेही इब्न रुश्द यांचे भाष्य उघडून बसत, हेही खरे.

७ मार्च १२७७ रोजी पॅरिसच्या बिशपांनी २१९ विधानांवर बंदी घातली. धर्माचे सत्य वेगळे आणि तत्त्वज्ञानाचे वेगळे, असे मानल्याचा ठपकाही तिथल्या अनुयायांवर होता. ‘फस्लुल मकाल’मध्ये इब्न रुश्द यांची भूमिका नेमकी उलटी आहे: सत्य सत्याच्या विरुद्ध जाऊच शकत नाही.

जलशांतून ‘आम्ही युरोपला शिकवले’ हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. ११९५ मध्ये इब्न रुश्द यांना लुसेना गावी हद्दपार करण्यात आले, त्यांचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले गेले. पुढे माफी मिळाली, पण डिसेंबर ११९८ मध्ये मराकेशमध्ये त्यांचे निधन झाले. कुर्तुब्याला परत नेताना जनावराच्या एका बाजूला शव आणि तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूला त्यांचे ग्रंथ लादले होते. हे इब्न अरबी यांनी डोळ्यांनी पाहिले. नंतर अरबीत काझी इब्न रुश्द वाचले जात राहिले, तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांना वाचक थोडे उरले.

ॲरिस्टॉटलचा राजकारणावरचा ग्रंथ हाती न आल्याने त्यांनी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वर भाष्य केले. त्यात स्त्रियांविषयी एक परखड भाग आहे. आपल्या नगरांत बायकांना मुले जन्माला घालणे, वाढवणे एवढ्यासाठीच ठेवतात, म्हणून त्यांची कुवत कुणाला कळत नाही. त्या झाडाझुडपांसारख्या होऊन राहतात आणि नगराच्या गरिबीचे हेही एक कारण आहे, असे बाराव्या शतकातला हा काझी सांगतो. या भाष्याचा अरबी मूळ मजकूर हरवला. चौदाव्या शतकात एका यहुदी विद्वानाने केलेला हिब्रू अनुवाद तेवढा उरला. इब्न रुश्द यांच्या निधनाला आठशे वर्षे झाली त्या १९९८ साली, मोरोक्कोचे अहमद शहलान यांनी त्या हिब्रूवरून हे पुस्तक पुन्हा अरबीत आणले.