अंगावर जाणे, अंगावर काढणे

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुक्यांत पाळीच्या दिवसांत प्रमाणाबाहेर रक्त जाऊ लागले की बायका ‘अंगावर जाते’ असे म्हणतात, आणि ते दुखणे कोणाला न सांगता सोसत राहण्याला ‘अंगावर काढणे’ असे म्हणतात. या दोन वाक्प्रचारांमधले अंतर कधी आणि कोणामुळे वाढले, हाच या विकाराच्या उपचारांचा खरा इतिहास आहे. आयुर्वेदाने त्याला ‘असृग्दर’ किंवा ‘रक्तप्रदर’ म्हटले, ‘असृक्’ म्हणजे रक्त. आधुनिक वैद्यकात स्वीडनमधील संशोधकांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनंतर एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त जाणे ही अतिस्रावाची सीमा मानली जाऊ लागली. घरातील माप मात्र कापडाचे होते. जुन्या लुगड्याच्या किती घड्या दिवसात बदलल्या, रात्री त्यासाठी उठावे लागले का, गाठी पडल्या का, दिवस किती लांबले, एवढ्यावरून जाणती बाई दुखण्याची पारख करी. आजचे डॉक्टरही पहिल्यांदा हेच प्रश्न विचारतात, म्हणून या मापाला अडाणी म्हणण्याचे कारण नाही.

पारख होती, पण ती बोलून दाखवायला जागा नव्हती. पाळी आली हे सांगायलाही ‘कावळा शिवला’ हा आडवळणाचा शब्द होता आणि विटाळाचा नियम तीन दिवसांचा, चौथ्या दिवशी न्हाण्याचा होता. चौदाव्या शतकात सोयराबाईंनी अभंगांतून विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला, तरी घरोघरचा नियम त्यामुळे हलला नाही. ज्या बाईचे रक्त आठव्या-दहाव्या दिवशीही थांबत नसे तिच्यासाठी या हिशेबात जागाच नव्हती. ती बाहेर बसून राहिली तर चूल आणि पाणी कोणी पाहायचे हा प्रश्न उभा राही, आणि न्हाऊन घरात आली तर रक्त लपवावे लागे. पर्जन्यछायेतल्या या पट्ट्यात, जिथे कान्हूर मेसाईसारख्या गावांना पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण, तिथे डागाळलेल्या घड्या धुणे आणि दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळवणे हे दुखण्याइतकेच मोठे काम होते.

उपचार त्यामुळे परसात आणि बांधावर जे मिळेल त्यापासून सुरू होत. या मुलखातल्या घरगुती औषधांकडे नीट पाहिले तर त्यांत एक सूत्र दिसते, ते तुरट चवीचे. उंबराची साल, बाभळीच्या सालीचा काढा, डाळिंबाची वाळवलेली टरफले ही सर्व द्रव्ये तुरट आहेत, आणि तुरट रस ‘स्तंभन’ करतो, म्हणजे वाहणारे रोखून धरतो, असे वैद्यक सांगते. रसायनशास्त्राच्या भाषेत हा तुरटपणा टॅनिन या घटकाचा असतो. त्यांच्या जोडीला ‘थंड’ मानलेली औषधे होती: रात्री भिजत घातलेल्या धन्यांचे पाणी खडीसाखरेसह, दूर्वांचा रस, तुपात परतलेल्या जास्वंदीच्या कळ्या, आणि तांदूळ धुतल्यावर उरणारे पांढुरके धुवण, जे चरकसंहितेतील पुष्यानुग चूर्णाचेही अनुपान आहे (अनुपान म्हणजे औषधाबरोबर घ्यायचा द्रव). अंगातली उष्णता वाढली की रक्त पातळ होऊन वाहते, या समजुतीवर हे सारे उभे होते. त्याच समजुतीने तीळ, गूळ, पपई या ‘गरम’ वस्तू बंद होत, आणि येथे घरगुती उपचारांचा मोठा दोष दिसतो. पोटात जाणाऱ्या तुरट काढ्याने गर्भाशयातले रक्त थांबते याला भक्कम पुरावा नाही, पण काढा निदान अपाय फारसा करत नव्हता. पथ्य मात्र आधीच शेवटी जेवणाऱ्या आणि रक्ताने खंगलेल्या बाईच्या ताटातून आणखी काही काढून घेत होते.

शास्त्रोक्त औषधांत अशोकाचे स्थान पहिले आहे. अकराव्या शतकातील चक्रदत्त या ग्रंथात अशोकाची साल दुधात आटवून देण्यास सांगितले आहे आणि पुढे भैषज्यरत्नावलीत अशोकारिष्ट आले. अरिष्ट म्हणजे काढ्यात गूळ आणि धायटीची फुले घालून, भांड्याचे तोंड बंद करून आंबवलेले औषध. गूळ तर दौंड तालुक्याच्या गुऱ्हाळांतलाच, पण अशोक या कोरड्या रानात आपोआप उगवत नाही. खरा अशोक, म्हणजे सीताअशोक, हा सह्याद्री आणि कोकणातल्या ओल्या जंगलाचा वृक्ष. त्याची साल काष्ठौषधींच्या दुकानातून विकतच आणावी लागे. शाळा-कचेऱ्यांच्या आवारात सरळसोट वाढणाऱ्या झाडालाही लोक अशोक म्हणतात, पण ते वेगळ्या कुळातले झाड आहे आणि त्याची साल खऱ्या सालीत मिसळली जाते ही बाब औषधीद्रव्यांच्या अभ्यासकांनी वारंवार नोंदवली आहे. पनवेलच्या धूतपापेश्वर कारखान्यासारख्या, १८७२ पासून चालत आलेल्या संस्थांनी ही औषधे बाटलीबंद केली, तेव्हा वैद्याला नाडी न दाखवताही ती घेता येऊ लागली. बाईच्या दृष्टीने ही सोय मोठी होती, कारण तिला काही बोलावे लागत नव्हते.

न बोलण्याची किंमत किती असते हे स्पष्ट शब्दांत मांडणारी स्त्री पुढे याच दौंड तालुक्यात येऊन राहिली. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावे अशी मागणी केली; येथील स्त्री आपले दुखणे पुरुष डॉक्टरला सांगू शकत नाही आणि त्यापायी अकाली मरते, हे त्या मागणीचे कारण होते. १८८५ च्या लेडी डफरिन फंडामागे या साक्षीचाही वाटा मानला जातो. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या तेव्हा रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या, आणि त्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत त्यांनी केडगाव येथे मुक्ती मिशन उभारून निराधार मुली आणि विधवांना आसरा दिला. उपासमारीत शरीर पाळीच बंद करते, हे आज शरीरशास्त्र सांगते. रक्त अति जाण्याचा आणि मुळीच न जाण्याचा, दोन्ही टोकांचा अनुभव या मुलखातल्या बायकांच्या वाट्याला आला असणार. १८८२ मध्ये मागितलेली स्त्री डॉक्टर मात्र इथल्या खेड्यांपर्यंत यायला जवळजवळ एक शतक लागले.

ती वाट शिरूर तालुक्यातून आली. संभाजी महाराजांच्या समाधीसाठी ओळखल्या जाणाऱ्या वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. त्यांचा भर इमारतीपेक्षा गावातल्याच माणसांवर होता. गावातली बाई शिकवून तयार केली तर दुसरी बाई तिच्याशी बोलेल, हा त्यामागचा साधा विचार होता आणि तोच अचूक होता. कोयाजींना १९९३ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर आलेल्या ‘आशा’ कार्यकर्तीची कल्पना याच जातीची आहे.

औषधे एव्हाना पुष्कळ पुढे गेली होती. जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ मध्ये ट्रॅनेक्झॅमिक आम्ल शोधून काढले. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या द्रव्याला ते अडवते आणि पाळीचा स्राव साधारण निम्म्यापर्यंत कमी करू शकते. पोटदुखीसाठी दिले जाणारे मेफेनॅमिक आम्लही स्राव काही प्रमाणात घटवते. तिसरे औषध नॉरएथिस्टेरोन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखे काम करणारी गोळी, १९५१ मध्ये मेक्सिकोत प्रथम तयार झाली, आणि या तिघांत गावोगाव पोचलेली तीच. पण ती पोचली दुखण्याचे औषध म्हणून नव्हे, तर ‘पाळी पुढे ढकलायची गोळी’ म्हणून. गौरी-गणपती, घरचे लग्न, किंवा यवत-वरवंडवरून जाणारी तुकाराम महाराजांची पालखी, अशा प्रसंगी औषधाच्या दुकानातून ती सहज आणली जाते, आणि गोळी थांबल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. विटाळ टाळण्यासाठी जे औषध मोकळेपणाने मागता येते, तेच अंगावर जाते म्हणून मागायला जीभ रेटत नाही, ही गोष्ट दुःख देणारी आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. त्याला आहाराची उणीव कारण आहे, तसेच महिन्या-महिन्याला जाणारे हे रक्तही आहे.

याचे सर्वांत कठोर रूप उसाच्या फडात दिसते. पाटसचा भीमा, न्हावऱ्याचा घोडगंगा असे कारखाने उभे राहिले तसे बीड-नगरकडच्या तोडणी टोळ्या दौंड-शिरूरच्या शिवारात उतरू लागल्या. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो, आगाऊ घेतलेली उचल दोघांनी फेडायची असते आणि एक दिवस चुकला तर खाडा लागतो. कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, न्हाणीघर नाही, पहाटे तीनला गाडी भरायची, डोक्यावर मोळी, आणि त्यात अंगावर जाते. अशा बाईला ‘पिशवीला सूज आहे, काढून टाका’ हा सल्ला सुटकेसारखा वाटला, यात तिचा दोष नाही. राज्य सरकारने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातील पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेले आढळले. पिशवी काढण्यापूर्वी गोळ्यांचे उपचार पुरेसे करून पाहायचे असतात, आणि त्या गोळ्या महागही नाहीत. त्यानंतर बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली आणि मजूर बायकांची हंगामापूर्वी व हंगामानंतर तपासणी करण्याचे ठरले. त्या दोन तपासण्यांच्या मधले पाच-सहा महिने ती बाई भीमेच्या आणि घोडच्या काठच्या उसात असते, आणि तिथे तिच्या हाताशी जुन्या लुगड्याची घडीच असते.